‘सिस्टर!’ म्हटलं की ती आत येते: नर्सिंग आणि रेडिओग्राफीच्या मुलांच्या एका सिम्युलेशनची पूर्ण केस

आमच्या सिम्युलेशन लॅबमधल्या एका सेशनबद्दल सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाच्या चार मुली, रेडिओग्राफीच्या शेवटच्या वर्षाचे तीन जण, एक मॅनिकिन म्हणजे पेशंटच्या जागी झोपवलेला पुतळा, आणि एक खोटी एमआरआय रूम. मी नर्सिंगला शिकवते, सोबत रेडिओग्राफीचे एक सर होते, आणि आम्हा दोघांनाही आधी वाटत होतं की हे सेशन औषधाच्या रिअ‍ॅक्शनवर आहे. ते निघालं दारावर. म्हणजे अक्षरशः दारात उभी असलेली दोन माणसं घाईत एकमेकांना काय बोलतात त्यावर.

दोन्ही बॅच एकत्र का घेतल्या ते आधी सांगते. नर्सिंगच्या मुलींना अ‍ॅनाफिलॅक्सिस (म्हणजे जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जीची रिअ‍ॅक्शन) आपण शिकवतो वॉर्डातल्या बेडवर, रेडिओग्राफीच्या मुलांना एमआरआय सेफ्टी शिकवली जाते स्लाइडवर, आणि दोघांनाही आपापल्या परीक्षेत चांगले मार्क पडतात. पण पेशंटला मशीनमध्ये असताना काही झालं की वॉर्डातली किंवा इमर्जन्सीतली सिस्टर धावत येते ती तिच्या वॉर्डाच्या सगळ्या सवयी सोबत घेऊन, आणि तिला दारात अडवायचं काम येतं अशा मुलावर ज्याला आयुष्यात कोणी सांगितलेलं नसतं की सिस्टरला अडवायचं असतं. हे ना माझ्या सिलॅबसमध्ये बसतं ना सरांच्या, कारण ते दोघांच्या मधल्या जागेत आहे आणि मधल्या जागेचा पेपर कोणी काढत नाही.

ज्यांना मॅग्नेट रूमची सवय नाही त्यांच्यासाठी थोडं. १.५ टेस्लाचं मशीन म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या साधारण तीस हजार पट, आणि ते कायम चालू असतं. स्कॅन चालू नसला तरी चालू, रात्री सगळे घरी गेले तरी चालू. लोकांना वाटतं आवाज थांबला म्हणजे मशीन बंद झालं, तसं नाहीये, आवाज फक्त स्कॅनपुरत्या चालणाऱ्या ग्रेडियंट कॉइल्सचा असतो, मॅग्नेटला आवाजच नसतो. म्हणून तर सगळ्या जागेचे चार झोन करतात, पहिला सगळ्यांसाठी खुला, दुसऱ्यात पेशंटची चौकशी आणि फॉर्म, तिसऱ्यात फक्त ट्रेनिंग झालेली माणसं आणि त्यांनी तपासून सोडलेले पेशंट, चौथा म्हणजे मॅग्नेट रूम. आणि दुर्घटना झाल्यात. २००१ साली न्यूयॉर्क राज्यात एक सहा वर्षांचा मुलगा स्कॅनरमध्ये असताना ऑक्सिजनची गरज पडली, सिलिंडर आत आणला गेला, तो खेचला जाऊन मुलाच्या डोक्यावर बसला आणि मुलगा गेला. २०१८ मध्ये मुंबईत पेशंटच्या नातेवाइकाच्या हातात सिलिंडर होता आणि जीव त्याचाच गेला. दोन्ही वेळा सिलिंडर कशासाठी आणला होता बघा, पेशंटला श्वास मिळावा म्हणून. वाईट हेतू कोणाचाच नव्हता, ही गोष्ट मला फार छळते, कारण मी मुलींना जे शिकवते तेच त्या माणसांनी केलं.

खोली कशी उभी केली

खरं मशीन सरावाला मिळत नाही, पेशंटची रांग असते. मग जुन्या लेक्चर रूममध्ये एक अरुंद टेबल, त्याच्या एका टोकाला पुठ्ठ्याचं मोठं गोल भोक, दारात जमिनीवर चार बोटं रुंद लाल पट्टी. कोपऱ्यात स्पीकर, त्यावर खऱ्या स्कॅनचा रेकॉर्ड केलेला ठकठकाट, आणि तो मुद्दाम मोठा ठेवला कारण खऱ्या रूममध्ये कानात प्लग घातल्याशिवाय पेशंटला आत ठेवत नाहीत इतका आवाज असतो. शेजारच्या खोलीत माईक घेऊन आमची एक सहकारी, ती पेशंटचा आवाज. व्हायटल्स, म्हणजे बीपी, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) वगैरे, एका टॅबलेटवर. सरांच्या हातात बझर, नियम एकच, लोखंडी काहीही लाल पट्टीच्या आत गेलं की बझर वाजणार आणि सगळ्यांनी जिथे आहात तिथे थांबायचं. सिलिंडर मात्र खरा होता, रिकामा, पण वजनाला खरा.

याच्यावर एक जण मला म्हणाले की पुठ्ठ्याच्या भोकाने काय शिकणार मुलं. मला त्यात काही वावगं वाटत नाही. नर्सिंगमध्ये हे १९११ पासून चालू आहे, अमेरिकेत हार्टफर्डच्या हॉस्पिटलमध्ये ‘मिसेस चेस’ नावाची मोठी बाहुली आली तेव्हापासून मुली बाहुलीवर पेशंट उचलायला, कूस बदलायला शिकतायत, आणि सीपीआरची (बंद पडलेल्या हार्टसाठी छाती दाबायची) ती प्रसिद्ध बाहुली रिससी अ‍ॅन १९६० ची, ती तर नॉर्वेतल्या एका खेळणी बनवणाऱ्याने केली. आणि नुसती परंपरा आहे म्हणूनही नाही. अमेरिकेतल्या राज्यांच्या नर्सिंग बोर्डांच्या राष्ट्रीय कौन्सिलचा २०१४ चा मोठा अभ्यास आहे, दहा नर्सिंग प्रोग्रॅम, सहाशेहून जास्त विद्यार्थी, एका गटाचे २५ टक्के आणि दुसऱ्याचे ५० टक्के क्लिनिकल तास सिम्युलेशनने बदलले, आणि शेवटी ज्ञानात, कामाच्या कौशल्यात, लायसन्सच्या परीक्षेत नेहमीच्या गटापेक्षा लक्षात घेण्याइतका फरक पडला नाही. पण त्यात अट होती, शिकवणारे त्यासाठी तयार केलेले होते आणि प्रत्येक सेशननंतर नीट डीब्रीफिंग, म्हणजे काय झालं आणि का त्यावर बसून बोलणं, होतं. लोक ५० टक्के लक्षात ठेवतात आणि अट विसरतात. मॅनिकिन महागातलं घेतलं आणि नंतर दहा मिनिटं बसून बोललो नाही तर पैसे पाण्यात, हे माझं ठाम मत.

प्रसंग असा लिहिला होता: चाळिशीतली बाई, मेंदूचा एमआरआय, फॉर्मवर दम्याची नोंद, औषधाची अ‍ॅलर्जी माहीत नाही. गॅडोलिनियमचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे स्कॅनमध्ये नीट दिसावं म्हणून शिरेतून देतात ते औषध, दिला, स्कॅन परत सुरू केला, मिनिटभरात ती मदत मागायला हातात दिलेला रबरी बल्ब दाबते. गॅडोलिनियमला अशी जोरात रिअ‍ॅक्शन फार क्वचित येते, आणि क्वचित येते म्हणूनच कोणाचा हात बसलेला नसतो.

अपेक्षा काय होती, तर स्कॅन थांबवणे, पेशंटशी बोलणे, मदतीला हाक, टेबल बाहेर, पेशंटला मॅग्नेट रूमच्या बाहेरच्या जागेत आणणे, दार बंद, आणि मग तिथे उपचार. आत उपचार करत बसायचं नाही. हार्ट बंद पडलं तरी सीपीआर चालू ठेवत बाहेर काढायचं. पोरं विचारतात की मग मॅग्नेटच बंद का नाही करायचं, ते लाल बटण असतं ना. त्याला क्वेंच म्हणतात, आतलं हीलियम उकळून बाहेर जातं, क्षेत्र उतरायला मिनिटभराहून जास्त लागतं, आणि हीलियम चुकून खोलीत साठलं तर आतल्या माणसांचा श्वास कोंडतो. तेवढ्यात पेशंट तुम्ही दोनदा बाहेर काढला असता.

पहिली फेरी

बल्ब वाजला. कन्सोलवरचा मुलगा स्क्रीनकडे बघत होता, सीक्वेन्स संपत आला होता, तो इंटरकॉमवर म्हणाला, ‘हलू नका हं, दोनच मिनिटं राहिलीत.’ मी त्याला दोष देत नाही, हलल्यामुळे स्कॅन खराब झाला म्हणून बोलणी खाल्लेलं पोर आहे ते. परत बल्ब. मग पेशंटचा आवाज, ‘घशात कसंतरी होतंय… खाजतंय… श्वास…’ आणि खोकला. आता तो उठला, पण स्कॅन थांबवला नाही. ठकठकाट तसाच चालू. दुसरी मुलगी टेबल ओढायला आत गेली, तिसऱ्याने फोन लावला आणि फोनवर बोलला फक्त एवढंच की ‘एमआरआयमध्ये पेशंट सिरियस आहे, लवकर या.’

नर्सिंगच्या चौघी कॉरिडॉरच्या टोकाला थांबलेल्या होत्या. त्या निघाल्या, दोघी क्रॅश कार्ट म्हणजे इमर्जन्सीच्या सामानाची गाडी ढकलत, आणि त्यांच्या पुढे एक जण काखेत सिलिंडर मारून पळत. कन्सोलवरचा मुलगा तोपर्यंत दारात पोचला होता. त्याने तिला येताना बघितलं, सिलिंडर बघितला, त्याचा उजवा हात छातीपर्यंत वर आला आणि तिथेच राहिला, आणि तो ओरडला, ‘सिस्टर! सिस्टर! सिस्टर!’

ती त्याच्या शेजारून आत गेली. पळण्याचा वेग वाढला होता, व्हिडिओत स्पष्ट दिसतं.

बझर. पहिल्या बल्बपासून दोन मिनिटं पण झाली नव्हती. सर सिलिंडरपाशी आले, तिच्या हातातून हळूच घेतला आणि काही न बोलता तो कुठून कुठे गेला असता ते चालून दाखवलं, दारातून सरळ त्या पुठ्ठ्याच्या भोकापर्यंत, जिथे मॅनिकिनचं डोकं होतं. कोणीच काही बोललं नाही. स्पीकरचा ठकठकाट मात्र अजून चालूच होता, कारण स्कॅन थांबवायचा राहिला तो राहिलाच होता. नंतर तिच्या अ‍ॅप्रनचा खिसा रिकामा करायला लावला तर त्यात कात्री, एक आर्टरी फोर्सेप्स आणि पेनं. सिलिंडर नसता तरी बझर वाजलाच असता.

डीब्रीफिंग

इथे चूक माझी झाली. सगळे गोल करून बसले आणि मी पहिला प्रश्न विचारला, ‘लाल पट्टी दिसली नाही का गं तुला?’ विचारताना मला तो साधा प्रश्न वाटला, पण तो प्रश्न नव्हताच, आरोप होता आणि पुढे फक्त प्रश्नचिन्ह लावलेलं होतं. तिचे डोळे भरले. बाकीच्या तिघी तिच्या बाजूने बोलायला लागल्या, रेडिओग्राफीची मुलं म्हणाली आम्ही तर ओरडलो होतो, आणि दहा मिनिटं नुसती बाजू मांडण्यात गेली. सुरुवातीला मीच सांगितलं होतं की ही परीक्षा नाही, इथे चुकायला परवानगी आहे, आणि पहिल्या वाक्यात मीच ते मोडलं.

सरांनी सावरलं. ते तिला म्हणाले, ‘मी असं बघितलं की तू सगळ्यात आधी सिलिंडर उचललास, कार्टच्याही आधी. म्हणजे तुझ्या डोक्यात काहीतरी पक्कं असणार असं मला वाटलं. काय होतं?’ फरक बघा, स्वतःला काय दिसलं ते सांगितलं, स्वतःला काय वाटलं ते सांगितलं, आणि मग खरोखर जाणून घ्यायचं म्हणून विचारलं. ही पद्धत जेनी रुडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली मांडली, मी ती वाचलेली होती, ट्रेनिंगमध्ये केलेली होती, आणि तरी ऐनवेळी तोंडातून जुनंच आलं.

ती म्हणाली, ‘मागच्या पोस्टिंगला पेशंटचं सॅच्युरेशन पडलं तेव्हा सिलिंडर यायला उशीर झाला आणि सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं. तेव्हाच ठरवलं होतं की परत असं होऊ द्यायचं नाही.’ म्हणजे ती हलगर्जीपणाने नव्हती आली, धडा शिकून आली होती, फक्त तो धडा दुसऱ्या खोलीतला होता.

मग मी विचारलं, या वेळी नीट, की तो ओरडला ते ऐकू आलं का. ‘आलं ना मॅडम. तो सिस्टर सिस्टर करत होता म्हणून तर मी जोरात पळाले.’

मुलाचं तोंड उतरलं. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, कारण इतकी वर्षं मी स्वतः ती हाक ऐकतेय. वॉर्डात ‘सिस्टर!’ याचा अर्थ एकच, इकडे या. पेशंट ओरडतो, नातेवाईक ओरडतो, डॉक्टर ओरडतात, आणि आपण वळतो आणि जातो, विचार न करता, पाय आपोआप जातात. त्या मुलाला म्हणायचं होतं थांबा, पण त्याने जो शब्द वापरला तो आमच्यासाठी जगातला सगळ्यात जोरदार ‘या’ आहे. त्यात ठकठकाट चालू, त्यामुळे पुढचं काही ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता, आणि खरं तर पुढचं तो काही बोललाच नव्हता. आम्ही व्हिडिओ तीनदा बघितला. ‘सिलिंडर’ हा शब्द नाही. ‘थांबा’ नाही. ‘मॅग्नेट’ नाही.

त्याला विचारलं की पुढचं का नाही आलं तोंडात. तो म्हणाला, ‘सर, आम्हाला ते तीन पायऱ्यांचं शिकवलंय ना, आधी म्हणायचं मला काळजी वाटतेय, मग म्हणायचं मला हे बरोबर वाटत नाहीये, मग म्हणायचं हे सेफ नाही, थांबा. मी पहिलीच पायरी जुळवत होतो.’ ही पायऱ्यांची पद्धत चांगली आहे, विमानांमधल्या क्रूला वरिष्ठांसमोर बोलायला शिकवताना आलेल्या विचारातून ती आपल्याकडे दवाखान्यात आली, आणि चुकीचा डोस किंवा चुकीची बाजू मार्क झालीये अशा ठिकाणी ती उपयोगी पडते कारण तिथे बोलायला अर्धा मिनिट तरी असतो. पण पळत येणारी सिस्टर दारासमोरून लाल पट्टीच्या आत दोन पावलांत पोचते. दोन पावलांत तीन पायऱ्या बसत नाहीत. मॅग्नेटच्या दारात सरळ तिसऱ्या पायरीवर उडी मारायची, नम्रपणा नंतर, हे आम्ही दोघांनीही कधी वेगळं करून सांगितलं नव्हतं. सरांनी त्याला तिथेच सांगितलं की ही चूक माझ्या शिकवण्यातली आहे.

अजून एक गोष्ट तो हळूच बोलला, ‘आणि ती सिस्टर आहे, मी तिला कसं अडवणार.’ ती त्याच्याच वयाची आहे. दोघांपैकी कोणीही अजून पास झालेलं नाही. नुसत्या युनिफॉर्मने एवढं होतं, मग खऱ्या ठिकाणी वीस वर्षं सर्व्हिस झालेली सिस्टर किंवा भूलतज्ज्ञ समोर आले तर काय होत असेल.

मधल्या वेळात

आधी टेबलावरचा एक छोटा प्रयोग केला, तो कोणीही करावा. एक जोरदार निओडिमियमचा मॅग्नेट टेबलाला घट्ट चिकटवला आणि दोऱ्याला बांधलेली पेपर क्लिप प्रत्येकाच्या हातात देऊन हळूहळू जवळ न्यायला सांगितली. लांब असताना काही नाही. अजून जवळ, काही नाही. मुलं हसतात, म्हणतात काहीच होत नाहीये. आणि मग एका ठिकाणी क्लिप टपकन उडते, दोरा हातातून सुटतो. ती सिलिंडरवाली मुलगी दोरा परत परत घेऊन बघत होती, ती जागा नेमकी कुठे आहे ते शोधत होती, आणि प्रत्येक वेळी उशिराच कळत होतं. खऱ्या रूममध्ये हेच होतं, दारात हाताला फारसं काही जाणवत नाही म्हणून माणूस निर्धास्त पुढे जातो आणि बोअर म्हणजे मशीनच्या भोकाच्या जवळ ओढ इतकी पटकन वाढते की धरून ठेवणं माणसाच्या ताकदीबाहेर जातं. पट्टी म्हणजे नुसता नियम आहे असं वाटणं त्या पेपर क्लिपने संपलं.

कोणीतरी विचारलं की अ‍ॅल्युमिनियमचे सिलिंडर चालतात ना. चालणारे असतात, त्यावर तसं लेबल असतं, पण घाईत, काखेत, रंग दिलेला सिलिंडर बघून कोणता कोणता हे कोणाला कळणार आहे. आमचा नियम साधा ठेवला, पळत आलेल्या माणसाच्या हातातली कुठलीही गोष्ट आत जात नाही.

मग ओरडण्याचा सराव. हे ऐकायला बालिश वाटेल पण माझ्या मते अख्ख्या दिवसातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच होतं. दोन शब्द ठरवले, ‘थांबा! मॅग्नेट!’, आधी क्रिया, मग कारण, आणि ‘सिस्टर’ हा शब्द त्या दारात बंद. दोन्ही हात चौकटीला. स्पीकर फुल, आणि सातही जणांनी एकेक करून दारात उभं राहून ओरडायचं, समोरून दुसऱ्याने पळत यायचं. त्या मुलाचा आवाज पहिल्या दोन वेळा निघालाच नाही नीट. समोरून पळत येणारी तीच होती, ती कार्टपाशी परत गेली आणि म्हणाली, ‘अजून जोरात रे, मला ऐकूच येत नाहीये.’ पाचव्या वेळी शेजारच्या वर्गातून लोक बघायला आले.

आणि जिला अडवलं तिलाही काहीतरी बोलायचं असतं, हे मुलींनीच सुचवलं. नुसतं थांबायचं नाही, तोंडाने म्हणायचं, ‘थांबले, पेशंट बाहेर आणा.’ म्हणजे अडवणाऱ्याला कळतं की ऐकलं गेलंय, आणि तो वळून टेबलाकडे जाऊ शकतो, नाहीतर तो दारातच अडकून राहतो.

दुसरी फेरी

त्याच दिवशी दुपारी. पहिल्या बल्बला स्कॅन बंद, खोलीत एकदम शांतता, आणि त्या शांततेने अर्धं काम केलं. फोनवर या वेळी, ‘एमआरआय. कॉन्ट्रास्टनंतर रिअ‍ॅक्शन, श्वासाला त्रास. पेशंट बाहेर काढतोय, कार्ट घेऊन बाहेरच्या खोलीत थांबा.’ तोच मुलगा ते काम स्वतः मागून घेऊन दारात उभा राहिला. ‘थांबा! मॅग्नेट!’ ती थांबली, कार्टचं पुढचं चाक पट्टीच्या वीतभर अलीकडे. ‘थांबले, पेशंट बाहेर आणा.’

पेशंट बाहेर आला आणि मग खरी नर्सिंगची गडबड सुरू झाली. एकीने आधी अँटीहिस्टामाइन आणि स्टिरॉइडची अ‍ॅम्प्युल फोडायला घेतली, हा हात मी वॉर्डात रोज बघते. बीपी ८०, सॅच्युरेशन ८८, अशा वेळी पहिलं औषध अ‍ॅड्रेनलिन, बाकी सगळं थांबू शकतं, ब्रिटनच्या रिससिटेशन कौन्सिलच्या २०२१ च्या गाइडलाइनमध्ये तर अँटीहिस्टामाइन सुरुवातीच्या उपचारात धरलेलंच नाही आणि स्टिरॉइड सरसकट द्यायला सांगितलेलं नाही. दुसरीने अ‍ॅड्रेनलिन बरोबर भरलं, ०.५ मिलिग्रॅम, म्हणजे एका मिलीत एक मिलिग्रॅम असलेल्या अ‍ॅम्प्युलमधलं अर्धा मिली, पण कॉन्ट्रास्टसाठी शिरेत लावलेला कॅन्युला समोर दिसत होता आणि तिची सिरिंज त्याच्याकडेच चालली होती. हा डोस शिरेतून गेला तर हार्टचा ठोका बिघडू शकतो.

तिला कोणी थांबवलं माहितीये? रेडिओग्राफीच्या मुलीने. तिच्या हातात इमर्जन्सीचं कार्ड दिलेलं होतं, ती मोठ्याने म्हणाली, ‘थांबा! मांडीत, आयएम!’ आयएम म्हणजे स्नायूत. सकाळचाच शब्द, दुसऱ्या कामाला. सिरिंज हवेत थांबली, वळली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध गेली, वेळ मोठ्याने सांगितली गेली म्हणजे पाच मिनिटांनी फरक नसेल तर परत देता येईल. तेवढ्यात कोणीतरी पेशंटला बसवायला निघालं कारण श्वास लागतोय. बीपी पडलेलं असताना एकदम उठवलं तर हार्टकडे रक्तच परत येत नाही आणि तिथल्या तिथे हार्ट बंद पडू शकतं, म्हणून झोपवून पाय वर, आणि श्वासाचाच त्रास जास्त असेल तर पाय सरळ ठेवून थोडं डोकं वर, पण उभं करायचं नाही, चालवायचं तर अजिबात नाही. हे शिकवायला पाच मिनिटं लागली आणि लक्षात राहील असं वाटतं कारण टॅबलेटवर बीपी त्याच क्षणी ६० वर आणलं होतं.

पेशंट सावरायला लागला, सगळे तिच्याभोवती, चेहऱ्यावर समाधान, आणि मागे बझर वाजला.

आमच्या लॅब अटेंडंटला मी आधी सांगून ठेवलं होतं की पेशंट बाहेर आला की चार मिनिटांनी लोखंडी व्हीलचेअर घेऊन आत जायचं, कोणी अडवलं तरच थांबायचं. कोणी अडवलं नाही. दार उघडं होतं आणि दारात कोणी नव्हतं. जो मुलगा इतका जोरात ओरडला होता तो पेशंटच्या उशाशी मास्क धरून उभा होता. तो बझर ऐकून वळला तेव्हाचा त्याचा चेहरा मी विसरणार नाही, पण या वेळी कोणी रडलं नाही, कोणी बाजू मांडली नाही, तो स्वतःच म्हणाला, ‘दार माझं होतं, मी सोडलं.’ आणि त्या सिलिंडरवाल्या मुलीने विचारलं, ‘पण मग पेशंटला हात कोणी लावायचा, तुम्ही तिघंच असता ना? रात्री तर एकच असतो.’

प्रश्न बरोबर होता. सरांचं म्हणणं, पेशंट बाहेर आला की पहिली क्रिया दार ओढून लॉक करणं, माणूस लागत नाही, सवय लागते. माझं म्हणणं, गर्दीत दार कोणीतरी परत उघडतंच, कॉइल आणायला, चादर आणायला, पेशंटचा चष्मा राहिला म्हणून, तेव्हा आलेल्या नर्सिंगच्या टीममधलीच एक जण दारात पाठ लावून उभी राहिली पाहिजे, तिचं काम फक्त तेवढंच. आम्ही दोघं यावर अजून वाद घालतोय. पुढच्या बॅचला प्रसंग रात्रीचा ठेवलाय, रेडिओग्राफर एकच, आणि दोन फेऱ्या घेणार आहोत, आधी सरांच्या पद्धतीने, मग माझ्या, व्हीलचेअरवाला दोन्ही वेळा येणार आहे.